मेणात राहिलेलं कापड

मंदाताई,

तुझं कापड माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरलेलं आहे आणि आमच्या घरात सगळे सोफ्यावर बसून, ताट मांडीत घेऊन जेवताहेत. तक्रार करायची कुणाची हिंमत नाही. परवा यांनी आमटीची वाटी चुकून टेबलाच्या कडेला टेकवली, तर मी अशी काही ओरडले की समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी बाईंनी दार उघडून पाहिलं.

तू गेलीस त्याला अजून पंधरवडाही झालेला नाही. अरुणराव स्वतः आमच्या सेंगकांगपर्यंत आले होते, हातात तुमच्या पासिर रिसच्या बाजारातली लाल प्लास्टिकची पिशवी. तू मासे आणायचीस तसली. म्हणाले, "नीला, यातलं मला काही कळत नाही. पण हे तिनं तुझ्यासाठी म्हणून वेगळं ठेवलं होतं." आत तुझं कापड होतं, चादरीसारखी चौपदरी घडी घातलेलं. मेण लावलेल्या कापडाची घडी घालायची नसते, गुंडाळी करायची असते, हे तू मला इतकं ऐकवलं होतंस की मी झोपेतही म्हणून दाखवीन. बायकोच्या या नादाकडे लांबून बघणाऱ्या अरुणरावांना ते कुठून ठाऊक असणार? घडीच्या रेघांवर मेणाला बारीक चिरा गेल्या आहेत. मी चहा केला, आणि दोघांनीही तो गार होऊ दिला.

तर प्रश्न असा आहे. पांढरं सुती कापड, त्यावर तू चांटिंगनं, म्हणजे त्या तांब्याच्या चिमुकल्या तोटीच्या लेखणीनं, गरम मेणाची फुलं काढलीस. मेण असेल तिथे रंग शिरत नाही. कापड रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं, की फुलं पांढरी उरतात. एवढंच तर बाटिक, असं मी म्हणायची, आणि त्या 'एवढंच तर'वर तू उसळायचीस. तुझं कापड रंगवायचं राहिलं. एका टोकाला काही विती फुलं काढायचीही राहिली. आणि माझं उत्तर राहिलं. फोनवर तू विचारलं होतंस, "केतकीच्या लग्नात नेसशील ना गं, नीले?" मी म्हटलं, "बघू." त्या आठवड्यात तू बाजारातून आलीस, खुर्चीत बसलीस आणि उठलीच नाहीस. लेकीचं लग्न फेब्रुवारीत आहे. हे कापड असंच मेणात ठेवू का, तुझ्या हातानं ठेवलं तसं? की रंगवू? उरलेलं कुणाकडून पुरं करून घेऊ? आणि मुख्य म्हणजे, नेसू का? तू नाहीस, त्यामुळे भांडणाच्या दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागताहेत.

आठवतं ना, हे सगळं कशावरून सुरू झालं? आम्ही सेंगकांगच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्या वर्षीची संक्रांत. कुणाच्या तरी ओळखीतून तू मला हळदीकुंकवाला बोलावलंस, मी तुला पाहिलंही नव्हतं. तुझ्या दाराबाहेर चपलांचा ढीग, आत काळ्या साड्यांची गर्दी. प्लास्टिकचे डबे सगळ्याच लुटतात, म्हणून तू अरब स्ट्रीटवरच्या दुकानातून बाटिक आणलं होतंस आणि त्याचे ब्लाउजपीस कापून घेतले होतेस. गडद तपकिरी, बारीक चौकटी, चौकटींत त्रिकोण. आपल्याला तो खणच वाटला. मराठी डोळ्यांना दुसरं काय वाटणार? "अय्या, अगदी खण गं!" म्हणत बायका ओटीत घेत होत्या.

त्या बायकांत तुझी खालच्या मजल्यावरची मलाय शेजारीण बसली होती. शाळेतून निवृत्त झालेली, आजोबा जावाहून आलेले. सगळा ब्लॉक तिला चिकगू म्हणतो, चिकगू म्हणजे मास्तरीणबाई. एकेका सवाष्णीच्या ओटीत ते कापड पडत होतं आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तिनं तुला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सॉरी हं, मंदा. समबडी पास्ड अवे, इज इट?" तू म्हणालीस, "नो, नो, फेस्टिव्हल!" मग तिला सांगावंच लागलं. या नक्षीला जावामध्ये स्लोबोग म्हणतात. कुणी वारलं की त्या घरी जाताना हे नेसतात. मृतदेहावरही हेच पांघरतात.

ते बाकीच्यांच्याही कानावर गेलं. मग "मुलं वाट बघत असतील" म्हणत एकेक जण उठली. सगळ्या गेल्या तेव्हा बाहेर चपलांच्या स्टँडवर ब्लाउजपिसांची व्यवस्थित चवड लागलेली होती. मी मुद्दाम रेंगाळले होते, कारण मला तुझा चेहरा बघायचा होता. वाटलं, ही बाई आता रडणार. तू मात्र चिकगूच्या शेजारी मांडी घालून बसलीस, एक ब्लाउजपीस दोघींच्या मध्ये पसरलास आणि विचारलंस, "पण हीच नक्षी का? यात मरण कुठे आहे, दाखव बघू मला."

चिकगूला ते सांगता येईना. आपल्याला कुणी विचारलं असतं, चुडा हिरवाच का, तर आपण तरी काय सांगितलं असतं? ती म्हणाली, मावशीला विचारते. आठवड्यानं उत्तर आलं. स्लोबोग म्हणजे सैल, ऐसपैस. जाणाऱ्याला वाट ऐसपैस मिळावी, कुठे अडखळायला होऊ नये, म्हणून. तू ते मला फोन करून सांगितलंस तेव्हा तुझा आवाज घरात कुणाचं लग्न ठरल्यासारखा होता. "नीले, किती मायेनं सुचलं असेल गं कुणाला तरी!" ओळख आठवड्याची आणि मी तुझी नीले झालेसुद्धा. माझा ब्लाउजपीस मी परत केला नव्हता. शिवून ऑफिसला घालून गेले, सगळ्यांनी नावाजला.

त्यानंतर तुझ्याबरोबर बाहेर निघालेल्या माणसाला वाटेत बाटिकचं दुकान लागलं की त्याचा दिवस गेलाच. एकदा तू मला काचेमागचं एक जुनं कापड दाखवलंस. लाल, निळं आणि तपकिरी. म्हणालीस, हे तीन गावं हिंडून आलंय. लाल एका गावी चढवला, निळा दुसऱ्या, तपकिरी तिसऱ्या. मी म्हटलं, "एकाच गावात तिन्ही रंग करायला काय धाड भरली होती?"

"त्या त्या गावच्या पाण्यालाच तो रंग नीट चढतो, असं म्हणायचे."

"म्हणायचे!"

"बरं, पुण्याबाहेर कुठे चांगली बाकरवडी खाल्ली आहेस का तू?"

दुकानदाराला मराठीचा गंध नव्हता, पण कोण हरलं ते त्याला बरोबर कळलं.

रिठ्याचा दिवस तर कायमचा लक्षात राहील. बाटिक साबणानं धुवायचं नाही, असं म्हणत चिकगूनं तुझ्या तळहातावर एक सुकलेलं फळ ठेवलं. याच्या फेसात धुवायचं. तू ते नाकाशी नेलंस आणि ओरडलीस, "अगं, हा तर रिठा!" मग तिनं कपाट उघडलं. कापडांच्या थरांमध्ये सुवासासाठी मुळ्यांची जुडी ठेवलेली, तो आपला वाळा. तुम्ही दोघी कितीतरी वेळ एकमेकींना घरातल्या वस्तू दाखवत सुटला होतात. त्याच कपाटात तिच्या आईचं एक विटलेलं कापड होतं. त्याच्या झोळीत चिकगू लहानपणी आईच्या कमरेला बांधलेली असायची. पुढे आई आजारी पडली तेव्हा तेच कापड तिच्या अंगावर होतं. "आमच्याकडे माणूस येताना कापड, जाताना कापड," चिकगू म्हणाली. तू त्या कापडाला हात लावायच्या आधी पदराला हात पुसलेस.

आणि मी? मी छाती पुढे काढून म्हणाले, "बघ, रिठा आपला, वाळा आपला. सगळं आपल्याकडूनच आलेलं आहे."

हे आपलं सगळ्यांत जुनं भांडण. तू म्हणालीस, "रिठ्याचं झाड कुणाची परवानगी काढून उगवत नाही, नीले." पण मग खाली हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडपात, चहा पिताना माझी बाजू घेतल्यासारखं करून हेही सांगितलंस की बारीक सुताचं कापड आपल्या किनाऱ्यांवरून गलबतं भरभरून जावाला जायचं, आणि गुजरातचा पटोला तर तिथल्या राजवाड्यांत मिरवायचा. तिथल्या बायकांनी मग पटोल्याची फुलं मेणानं काढायला सुरुवात केली. "म्हणजे नक्कलच ना?" मी म्हटलं. तू पर्समधून भिंग आणि तसल्या कापडाचा एक तुकडा काढलास. बँकेतून निवृत्त झालेली दुसरी कुठलीही बाई पर्समध्ये भिंग ठेवत नसेल. पटोल्यात सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, म्हणून फुलांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. चांटिंग हातात असलेल्या बाईला गोल पाकळी काढणं किती सोपं! तरी तिनं बारीक बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून त्या पायऱ्याच मेणात काढल्या. "दुसऱ्याची अडचण कुणी उसनी घेतं का? का घेतली असेल?" तू विचारलंस.

"खरा पटोला परवडत नव्हता म्हणून," मी म्हटलं.

"आवडल्या म्हणून," तू म्हणालीस.

हॉकर सेंटरमध्ये टेबल पुसणारी बाई तीनदा येऊन गेली तरी आपण उठलो नाही. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं, पण आता ते कुणाला पटवू? केतकीपुढे हा वाद मांडला तर ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "कॅन बी बोथ, वॉट." तुझ्याकडून इतक्या स्वस्तात सुटका कधी झाली नसती.

आमच्या ऑफिसच्या वार्षिक जेवणाचा फोटो मी तुला दाखवला होता, तेही आठवतंय. इथे अशा प्रसंगी सगळे पुरुष बाटिकचे शर्ट घालतात. तू आमच्या साहेबाच्या पोटावर बोट ठेवलंस. सुरीच्या पात्यांसारख्या तिरक्या रांगा. "ही नक्षी जावामध्ये राजघराण्याची. इतरांनी नेसायला मनाई होती. आणि हा बाबा ती घालून नूडल्सच्या रांगेत उभा!" त्यानंतर साहेबासमोर गंभीर चेहऱ्यानं बसणं मला जड जाऊ लागलं.

जुन्या कापडांच्या कोपऱ्यात कधीकधी कारखान्याच्या मालकाची किंवा मालकिणीची सही असते. तू ती भिंगातून वाचायचीस आणि दर वेळी कुरकुरायचीस, "मेण लावणारीचं नाव कुठेय?" महिनोन्‌महिने एकाच कापडावर वाकून बसलेल्या त्या बायका कोण होत्या, काय बोलत असतील, एखादी रागावली असेल त्या दिवशीची रेघ वेगळी येत असेल का, असलं काहीबाही तुला पडायचं. हे सगळं तिथेच जाऊन विचारू म्हणून आपण दर वर्षी जावातल्या सोलोला जायचं ठरवायचो. कधी माझं ऑडिट आडवं यायचं, कधी तुझे गुडघे. विमानानं जेमतेम दोनेक तासांचं अंतर, आणि आपण गेलो नाही. त्याची मला हळहळ वाटते, फार वाटते.

मग साठीला टेकलेली तू चिकगूच्या कम्युनिटी क्लबमधल्या बाटिकच्या क्लासला जाऊन बसलीस. मेण गार असलं की तोटी तुंबते, जास्त तापलं की ओघळतं. तुझ्या पहिल्या वर्षीच्या कामाला अरुणराव 'पालीची अंडी' म्हणायचे. तू ती अंडी दिवाणखान्यात फ्रेम करून लावलीस. मी विचारलं, "काय मिळतं गं तुला यात?" तू म्हणालीस, "हात थांबला की डोकं चालतं आणि डोकं थांबलं की हात. दोन्ही एकदम चालतात ते इथेच." ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही धड कळलेलं नाही. पण दर गुरुवारी क्लासहून आलीस की तुझा फोन यायचा, बोटं भाजलेली आणि आवाज टवटवीत, आणि त्या फोनवर माझा आठवडा तरायचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

केतकीचं ठरलं तेव्हा पेढा तोंडात असतानाच तू म्हणालीस, "त्रुंतुम!" आणि तो पेढा गिळून त्या नक्षीची गोष्ट सांगितलीस. सोलोची एक राणी. राजाचं मन दुसरीकडे वळलेलं. एकटेपणात ती गडद कापडावर बारीक फुलं काढत बसली, आकाशात चांदण्या विखुरल्यासारखी. राजा जाता येता बघू लागला, मग थांबू लागला, मग शेजारी बसू लागला. कापड पुरं होईतो त्यांचं प्रेम पुन्हा फुललं होतं. जावामध्ये लग्नात हे कापड नवरानवरीचे आईवडील नेसतात.

मी म्हटलं, "म्हणजे मुलीच्या लग्नात वधूमाय लुंगी नेसून उभी? आणि माझी पैठणी?"

तुझं तोंड एवढंसं झालं. पण क्षणभरच. "पैठणी रिसेप्शनला नेस. सकाळच्या मुहूर्ताला हे. मी करते तुझ्यासाठी."

"पण ही गोष्ट तर नवराबायकोची. आईवडिलांनी का नेसायचं?"

चिकगूचं उत्तर होतं, मुलांना वाट दाखवायला. तुला ते पटलं नव्हतं. तू म्हणालीस, "मुलगी गेली की घरात दोघंच उरतात, नीले. पुन्हा फुलायची गरज त्यांनाच असते."

मी हसण्यावारी नेलं. "आमच्यात आता काय फुलायचंय? हे सकाळी जुरोंग आयलंडच्या कंपनीच्या बसमध्ये बसतात आणि संध्याकाळी पेंगत उतरतात. आमचं बोलणं म्हणजे भाजी काय आणि बिल भरलं का." तू त्यावर काहीच बोलली नाहीस, आणि तू काही बोलली नाहीस की मला भीती वाटायची. पुढच्या गुरुवारी तू हे कापड सुरू केलंस.

यंदा ऑक्टोबरात बातमी आली की बाटिकला जगाच्या वारशात मान मिळाला. तुझा फोन आला, "नीले, टीव्ही लाव!", जणू तुझ्याच भाचीचा बोर्डात नंबर आलाय. मी म्हटलं, मान मिळायच्या आधी ते काय कमी चांगलं होतं? तू म्हणालीस, "तू आनंद करू देशील तर शपथ." पण हसत होतीस. दिवाळी झाल्यावर तू तो प्रश्न विचारलास आणि मी म्हटलं, बघू. मला नाही म्हणायचं नव्हतं, मंदाताई. मला फक्त आणखी थोडं भांडायचं होतं. तुझ्याशी भांडण लांबवण्यात मजा होती, आणि वेळ भरपूर आहे असं मी धरून चालले होते.

तुला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, ते आपल्या बायकांनी रीतीप्रमाणे केलं. मी तुझ्या निऱ्या पुन्हा पुन्हा सारख्या करत होते, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात दारात चिकगू आली. वर साधा पांढरा झगा आणि खाली गडद तपकिरी कापड, बारीक चौकटी, चौकटींत त्रिकोण. माझ्या शेजारची बाई कानाशी म्हणाली, "छान आहे ना कापड?" मला हुंदका आला आणि त्यातच हसू फुटलं. तुझ्यासाठी नेमकं कापड नेसून एवढ्या माणसांत ती एकटी आली होती, आणि ते बघून सर्वांत जास्त आनंद जिला झाला असता ती डोळे मिटून पडली होती. मी चिकगूचा हात धरला. ती म्हणाली, "रूल आय न्यू. द व्हाय, मंदा मेक मी गो अँड आस्क."

पत्र इथवर लिहून काही दिवस तसंच पडून होतं. शेवटी गेल्या रविवारी मी कापडाची गुंडाळी करून केतकीला घेऊन चिकगूकडे गेले. तिनं ते उलगडलं आणि किंचाळली, "आय्यो, हू फोल्ड?" मी अरुणरावांचं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, मला हे असंच ठेवायचंय, रंगवायचं नाही. तिनं मान हलवली. "कॅनॉट लाह." मेण म्हणजे काही शाई नव्हे. वाळतं, तडकतं, हळूहळू गळून जातं. वर्षभरात माझ्या हातात नुसतं पांढरं कापड राहील. हे मला तू सांगितलं नव्हतंस. रंगात बुडवलं तरच तुझं काम टिकणार, आणि बुडवलं की तू ठेवलेलं मेण जाणार. मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले.

चिकगू म्हणाली, उरलेली फुलं मी भरून देते, नोबडी कॅन टेल. तिनं अगदी प्रेमानं विचारलं होतं. पण मला कळलं असतं. तुझी पाकळी जराशी डावीकडे कलते, पहिल्या वर्षापासून. "आणि न भरताच रंगवलं तर?" "देन दॅट साइड ऑल डार्क." मी केतकीकडे पाहिलं. लग्न तिचं. ती त्या रिकाम्या भागाशी वाकून बघत होती. म्हणाली, "मग लीव्ह इट लाह, मम्मा. मावशी स्टॉप्ड हिअर."

घडीच्या चिरा चिकगूनं गरम चांटिंगनं जमतील तेवढ्या बुजवल्या. मग कापड रंगात गेलं, वाळलं, पुन्हा गेलं. मग उकळतं पाणी. तुझं मेण वर यायला लागलं, दुधावर साय धरते तसं, आणि चिकगू ते झाऱ्यानं काढून पत्र्याच्या डब्यात टाकू लागली. मी विचारलं, याचं काय करणार? ती म्हणाली, पुढच्या क्लासला वापरणार. नुसतं नवं मेण फार तडकतं, त्यात जुनं मिसळावंच लागतं. "मग या डब्यातलं सगळ्यांत जुनं मेण कधीचं?" मी विचारलं. तिनं खांदे उडवले. "हू नोज? माय टीचर ऑल्सो इनसाइड." असले प्रश्न मी आधी विचारत नसे. तुझी सवय लागली आहे मला.

कापड आता काळसर निळं आहे आणि त्यावर तुझी फुलं पांढरी उमटली आहेत, सगळी, जरा डावीकडे कललेली. बुजल्या नाहीत त्या चिरांच्या जागी केसासारख्या निळ्या रेघा आल्या आहेत. चिकगू म्हणते, जावामध्ये हा दोष मानतात. मानू देत. आणि शेवटचं फूल अर्धंच आहे. काही पाकळ्या आहेत आणि मग नाहीत. का थांबलीस गं तिथे? मेण गार झालं होतं? दार वाजलं? की पाठ दुखली आणि उद्या करू म्हणालीस? अरुणरावांना विचारलं, त्यांना आठवत नाही. हे आता कधीच कळायचं नाही, आणि मला ते सुखानं बसू देत नाही.

कापड घरी आणलं त्या संध्याकाळी हे कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले आणि बॅग खाली न ठेवताच कापडासमोर उभे राहिले. मी म्हटलं, हात धुऊन या. ते म्हणाले, "मंदाताईंनी हे हातानं काढलं?" मग राणीची गोष्ट विचारली. मी सांगितली, पूर्ण. ऐकून झाल्यावर जरा घुटमळून म्हणाले, "हे वडलांनीही नेसायचं असतं का?" मी म्हटलं, "असतं. पण तुमच्यासाठी कुणी काढलेलं नाही." "मग शर्ट मिळतो का बघू या की. येईन मी, शनिवारी." किती वर्षांनी हे माझ्याबरोबर कापडाच्या दुकानात यायला निघालेत, मंदाताई. तू असतीस तर तोंडावर पदर धरून हसली असतीस.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो. नेसणार आहे, सकाळच्या मुहूर्ताला, सगळ्यांसमोर. फुलं नसलेलं टोक आत खोचून टाकता येतं, कुणाला दिसणारसुद्धा नाही, असं चिकगूनं मला दाखवलं. मी तिला सांगितलं, ते बाहेर येईल असं नेसव. मांडवातल्या बायका मला गाठतील आणि विचारतील, अगं, इथे फुलं का नाहीत? विचारू देत. मला तुझ्याबद्दल बोलायचं आहे.